लोखंड बाहेर ठेवून

झोपडीला लोखंडाचा एक खिळा नाही.
बिजागऱ्या पितळेच्या, खिळे तांब्याचे,
कडी लाकडाची.
आत जायचं तर दाराबाहेरच्या खोक्यात
चाकू, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल,
केसांतल्या पिनासुद्धा.
एकदा नव्या कोटाची चेन लोखंडी निघाली,
उणे तिशीत कोट तिथेच काढून
मी कुडकुडत आकडे घेतले.

अठ्ठावीस वर्षं, दर बुधवारी.
कानाक गावात मला 'सुईवाली बेनिग्ने' म्हणतात.
कोपनहेगनहून आलेला एक पाहुणा
सदऱ्याचं तुटकं बटण घेऊन आला होता.
लावून दिलं.

सुईला विचारायचं, उत्तर कुठे?
ती उत्तर द्यायची,
उत्तरेचं मात्र कधीच नाही.
आजोबांच्या वेळी ती जवळजवळ सरळ पश्चिमेला बघायची,
पाण्यापलीकडच्या एल्समियरकडे,
तिकडे कुणी सोयरं असावं तशी.
आता मान निम्मी वळवून आणलीय.
चुंबकाचा ध्रुव सैबेरियाच्या वाटेला लागलाय,
दिवसाला शंभरेक मीटर,
सामानसुमान नाही, निरोप नाही.

मग एका एप्रिलात बर्फाच्या उंचवट्यावर
स्लेज उलटली.
मांडीचं हाड.
नूकच्या इस्पितळात आत सळी घातली, चार स्क्रू.
हे स्टील चुंबकाला दाद देत नाही, डॉक्टर म्हणाले.
देतं. थोडी.
सुईला थोडीही पुरते.

पहिल्या बुधवारी आत इलान्ग्वाक होता, माझा भाचा.
मी दारापर्यंत गेले, इतकंच.
"मावशी, आकडा हलला."
एक पाऊल मागे. "अजून हलतोय."
बाराव्या पावलाला तो म्हणाला, "आता ठीक."
तिथे आम्ही एक धोंडा ठेवला.
खोक्यात काढून ठेवता येत नाही असं काही
आता माझ्याकडे आहे.

धोंड्यावर बसून मी वही धरते.
तो आतून ओरडतो, वारा अर्धं खातो,
उरलेलं मी लिहिते.

परवा कॉफी पिताना तो सांगत होता:
वितळलेल्या लोखंडाच्या समुद्रात
घट्ट लोखंडाचा एक गोळा आहे,
चंद्राहून जरा लहान.
तो गोठत जातो तशी सभोवतालचं ढवळत राहतं,
आणि त्या ढवळण्यातून आपली सुई हलते.
गोळा स्वतःच्या मर्जीनं फिरतो.
मध्यंतरी आपल्या पुढे होता म्हणतात,
आता मागे पडत चाललाय.

कुणी पाहिलं?

कुणीच नाही. दक्षिणेच्या टोकाला, बेटांपाशी,
एकाच जागी दोनदा भूकंप होतो, वर्षांच्या अंतरानं,
हुबेहूब एकसारखा.
मधून गेलेली लाट अलास्कात पोचते
केसभर लवकर किंवा केसभर उशिरा.
त्या केसावरून शहाणी माणसं
अजून भांडतायत.

पृथ्वीनं इतकं पोटात ठेवलं,
आणि इथे कुणाचा कप हिंदकळला नाही.
माझा डावा पाय अर्ध्या पावलानं मागे येतो,
ते मात्र सगळ्या गावाला दिसतं.

आमच्याकडे लोखंड पहिल्यांदा आकाशातून पडलं.
पणजीच्या पणजीनं त्याचे कपचे काढून
वालरसच्या दातात बसवले, सुरी केली.
मग जहाजवाले आले, आणि जाताना
आकाशातलं लोखंडच घेऊन गेले.
माझं कुणी नेणार नाही.
माझ्याबरोबर ते दगडांखाली जाईल,
आणि तिथून त्या गोळ्यापर्यंत
पाच हजार किलोमीटर.

काल बुधवार. सूर्य गेल्याला महिना झाला होता.
इलान्ग्वाक आत आकडे वाचत होता,
एकामागून एक, झोपाळू आवाजात.
कंदील खाली ठेवून मी उठले
आणि धोंड्याच्या पुढे एक पाऊल टाकलं,
डावं.

आत आवाज थांबला.
मग वेगळा आकडा आला, शेवटच्या घरात फरक.
त्यानं तो दोनदा वाचला.
मी मागे सरले. पेन्सिल गारठली होती,
तिच्यावर फुंकर घातली.

तो आकडा मी वहीत लिहिला नाही.